नीटला गुण मधलेच आलेत, यादी कशी भरायची? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या पालकांसाठी धागा

करवंदाची_जाळी

निकाल लागल्यापासून आपल्या भागातल्या पालकांचे तेच तेच प्रश्न चार धाग्यांत विखुरलेत. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. विषय फक्त मधल्या गुणांच्या मुलांचा. पात्र तर झालेत, पण सरकारी एमबीबीएसला नंबर लागेलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. या मुलांच्या बाबतीत कॉलेजांच्या पसंतीच्या यादीतला एक क्रम किंवा एक राहिलेला दाखला पुढची पाच वर्षं बदलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवातीलाच गुणांचा आकडा बाजूला ठेवा. 2024 ला पहिल्या नंबरचे गुण 720 होते, 2025 ला 686. खुल्या गटाची पात्रतेची रेषा 2023 ला 137, 2024 ला 162 आणि 2025 ला 144. 2025 चा भौतिकशास्त्राचा पेपर अवघड गेला आणि सगळी उतरंडच खाली सरकली. त्यामुळे "वाडीतल्या अमक्याला दोन वर्षांपूर्वी एवढ्या गुणांना मिळालं होतं" या वाक्याला आज काही किंमत नाही. तुलना करायची ती अखिल भारतीय रँकची, आणि राज्याची यादी लागली की राज्य गुणवत्ता क्रमांकाची.

कशी करायची ते सांगते. राज्याची प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीच्या निवड याद्या पीडीएफमध्ये असतात. पहिल्या फेरीची यादी बघून हबकू नका आणि हरखूनही जाऊ नका. तिसऱ्या फेरीची आणि त्यानंतरच्या रिक्त जागांच्या फेरीची यादी उघडा. आपल्या प्रवर्गात, एकेका कॉलेजला शेवटी कोण लागलं त्याची रँक वहीत उतरवा. मुलगी असेल तर मुलींच्या राखीव जागेवरची शेवटची रँक वेगळी लिहा. आता वहीत तीन रकाने करा. शेवटच्या रँकपेक्षा आपली रँक बरीच वर असेल ती कॉलेजं पहिल्यात, आसपास असेल ती दुसऱ्यात, खाली असेल ती तिसऱ्यात. फक्त तिसराच रकाना भरत असेल तर बीडीएस (दंत), बीएएमएसचा (आयुर्वेद) विचार आजच सुरू करा. सप्टेंबरपर्यंत थांबू नका.

एक वर्ष मागे जा, फार तर दोन. 2024 मध्ये राज्यात एकदम 10 नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या याद्या आजच्या जागांशी जुळतच नाहीत.

खाडीपलीकडे

छान धागा. जागांचं गणित मी मांडतो.

आपल्या किनाऱ्यावर सरकारी तीन: अलिबाग आणि ओरोस (सिंधुदुर्ग) 2021 पासून, रत्नागिरी 2023 पासून. तिन्हीकडे सुरुवातीपासून 100 जागांची मंजुरी. खासगीत चिपळूणजवळ सावर्डे आणि सिंधुदुर्गात पडवे. नवी मुंबईत कामोठे आणि नेरूळला आहेत, पण त्यातली अभिमत (डीम्ड) विद्यापीठं वेगळ्या वाटेने भरतात. त्यावर पुढे लिहितो.

100 जागांचं सरकारी कॉलेज घ्या. 15 जागा अखिल भारतीय कोट्याला जातात, राज्याला उरतात 85. त्यातून 50 टक्के जुनं आरक्षण, 10 टक्के एसईबीसी (मराठा समाजाचं) आणि 10 टक्के ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) वजा केलं की खुल्यासाठी साधारण 25 जागा. त्यातही 30 टक्के मुलींसाठी, शिवाय दिव्यांग आणि सैनिकांच्या मुलांच्या जागा. म्हणजे "100 जागा आहेत, कुठेतरी बसेलच" हे मनातून काढून टाका. आणि या 25 जागा सगळ्यांना खुल्या असतात. राखीव प्रवर्गातला मुलगा गुणवत्तेवर तिथे बसू शकतो, बसतोच.

एक गैरसमज अजून फिरतो की कोकणातल्या मुलाला कोकणातल्या कॉलेजात प्राधान्य मिळतं. विभागवार 70:30 ची पद्धत (70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) 2020 मध्ये रद्द झाली. आता ओरोसच्या जागेसाठी कणकवलीचा मुलगा आणि नांदेडचा मुलगा एकाच रांगेत आहेत. त्याचा फायदाही आहे. आपल्या मुलालाही नंदुरबार, गडचिरोली, हिंगोली तितकंच खुलं आहे. नव्या आणि आडबाजूच्या कॉलेजांच्या याद्या सहसा उशिरा, म्हणजे खालच्या रँकवर बंद होतात. मधल्या रँकच्या मुलाने मुंबई-पुण्याच्या मोहात ही नावं गाळू नयेत.

बकुळ

पसंतीक्रमाबद्दल विचारायचं होतं. क्लासमध्ये सांगितलं की आवाक्यातलं कॉलेज पहिलं टाका, नाहीतर वरचं मिळत नाही आणि खालचंही जातं. हे बरोबर आहे का? मुलगी ओबीसी आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. खासगी कॉलेज यादीत घालावं की नको, तेही ठरत नाहीये.

करवंदाची_जाळी

बकुळताई, क्लासमध्ये सांगितलेलं चुकीचं आहे. संगणक गुणवत्ता क्रमाने एकेका मुलाकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली बघत जातो. पहिली पसंती भरलेली असेल तर दुसरी, ती भरलेली असेल तर तिसरी. तुमच्या मुलीची पाळी येते तेव्हा दहाव्या पसंतीची जागा रिकामी असेल, तर ती तिलाच मिळते. वरच्या नऊ ठिकाणी हुकली म्हणून दहाव्या पसंतीचा हक्क कमी होत नाही. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मुलाने तेच कॉलेज पहिलं टाकलं असलं तरी पाळी तिची आधी. म्हणून क्रम आवडीचाच ठेवा.

उलटं धोक्याचं असतं. "मिळणार तर नाहीच, भरून ठेवू" म्हणून टाकलेलं, घरच्यांनी फी कधी मोजलीच नाही असं कॉलेज यादीत असलं आणि तेच लागलं, तर पुढच्या फेरीत ते गळ्याशी येतं. ज्या दारात फी घेऊन जायची तयारी नाही ते नाव यादीत नको.

लाल_माती

फीचं मी सांगतो.

खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक कॉलेजचा आकडा त्यांच्या संकेतस्थळावर वर्षवार असतो. कॉलेजच्या माहितीपत्रकावर किंवा एजंटच्या तोंडावर विसंबू नका. त्या आकड्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात. ते वेगवेगळे लिहून घ्या, कारण सवलत सगळ्याला नसते.

बकुळताई, तुमच्या मुलीसाठी हे महत्त्वाचं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था (मॅनेजमेंट) कोट्यातून घेतलेल्या जागेला ही माफी नाही, अभिमत विद्यापीठालाही नाही. म्हणजे सावर्डे किंवा पडवे राज्य कोट्यातून लागलं तर तुमच्या डोक्यावर विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ आणि अनामत एवढंच राहतं. अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर दरवर्षी करायचा. एका वर्षी राहिला तर त्या वर्षाची पूर्ण फी भरावी लागते. तेव्हा खासगी कॉलेज यादीत जरूर घाला.

मुलांसाठी नियम वेगळे आहेत. ओबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. एकाच घरातल्या बहीण-भावाच्या याद्याही म्हणून वेगळ्या होतील.

एकूण हिशेब करताना फी साडेचार वर्षांची धरा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च साडेपाच वर्षांचा, कारण शेवटचं एक वर्ष इंटर्नशिपचं. पालक नेहमी पहिल्या वर्षाचा आकडा घेऊन बँकेत जातात आणि तिसऱ्या वर्षी आंब्याचं पीक हातचं गेलं की अडकतात. कर्ज मंजूर करून घ्यायचं तर पूर्ण अभ्यासक्रमाचं घ्या, उचल वर्षाला लागेल तेवढीच करा.

सरकारीत फी कमी, पण शिक्षण संपल्यावर एक वर्ष सरकारी सेवा बंधनकारक आहे. ती केली नाही तर 10 लाख रुपये भरावे लागतात. ही अट वाचूनच सही करा.

सुपारीची_बाग

कागदांबद्दल लिहिते. मधल्या रँकच्या मुलांच्या जागा सगळ्यात जास्त इथेच जातात आणि त्याची हळहळ आयुष्यभर राहते.

राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि अधिवास दाखला, हा पाया. राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांना चालू वर्षासाठी वैध असलेलं नॉन क्रिमीलेअर (प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र). यातलं आपल्याला लागणारं एक जरी नसलं की मूल खुल्या यादीत ढकललं जातं. मधल्या रँकला ते म्हणजे जागा गेलीच.

आपल्याकडची खास अडचण चाकरमान्यांची. आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेले, घर परळला किंवा डोंबिवलीला, आणि जातीचा दाखला काढायला पालक तिथल्याच तहसीलमध्ये जातात. दाखला मूळ राहण्याच्या ठिकाणचा लागतो, आणि ते ठरतं मानीव दिनांकावरून. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967. त्या दिवशी कुटुंब राजापूर तालुक्यातल्या गावात राहत होतं तर दाखला राजापूरचा. त्यासाठी आजोबा-पणजोबांचा जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा लागतो. कोकणातल्या शाळांत ही जुनी रजिस्टरं अजून सापडतात, पण पानं जीर्ण झालेली असतात. मुख्याध्यापकांना शोधायला वेळ द्या, मे महिन्यात शाळा बंद असते. वैधतेचा अर्ज अकरावीतच घाला.

नावाचा घोळ हा दुसरा. एका कागदावर आडनाव "पांचाळ", दुसऱ्यावर "सुतार". आधारवर वडिलांचं नाव नाही, नीटच्या अर्जात आईचं नाव वेगळ्या स्पेलिंगने. दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा आणि बाकी सगळे कागद अक्षर न अक्षर त्याच्याशी ताडून बघा. जिथे फरक आहे तिथे राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र लागेल का ते प्रवेश केंद्रावर आधीच विचारा.

आणखी एक. राज्यात डोंगरी भागाच्या काही जागा असतात. आपल्याकडचे बरेच तालुके डोंगरी यादीत येतात, पण पालकांना हा रकानाच माहीत नसतो. माहितीपुस्तिकेच्या परिशिष्टात तालुक्यांची यादी आणि प्रमाणपत्राचा नमुना असतो. तोच नमुना वापरा, सेतूतला जुना छापील नको.

दीपमाळ

एमसीसीचा (अखिल भारतीय कोटा भरणाऱ्या केंद्राच्या समितीचा) फॉर्म भरावा की नाही? मधली रँक असली तर पैसे फुकट जातील असं सगळे म्हणतात.

खाडीपलीकडे

अखिल भारतीय कोट्याला नोंदणी खुल्यासाठी 1,000 आणि परत मिळणारी अनामत 10,000. राखीवला 500 आणि 5,000. मधल्या रँकला तिथून सरकारी एमबीबीएस मिळण्याची शक्यता फार कमी असते, पण बीडीएसचा विचार असेल तर भरा. "केंद्राच्या उरलेल्या जागा शेवटी राज्याला परत येतात" या आशेवर थांबू नका. 2021 पासून त्या परत येत नाहीत, एमसीसीच शेवटपर्यंत भरते.

तिथला प्रवर्ग वेगळा असतो हे लक्षात ठेवा. केंद्राच्या ओबीसी यादीत जात असावी लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. एसईबीसी तिथे चालत नाही.

कामोठे-नेरूळची अभिमत विद्यापीठं एमसीसीतूनच भरतात. नोंदणी 5,000 आणि अनामत तब्बल 2,00,000. फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे, वर राज्याची शुल्कमाफी नाही. रँक कितीही खाली असली तरी इथे जागा दिसते म्हणून पालक भुलतात. साडेचारने गुणा आणि मगच अनामत भरा.

सिंधुदुर्गातल्या पालकांसाठी: बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ आहे, उपचाराला आपण तिथेच जातो, पण गोव्याच्या राज्य कोट्याला गोव्यातल्या वास्तव्याच्या अटी आहेत. आपल्याला तिथे फक्त अखिल भारतीय कोट्याची वाट.

बकुळ

धन्यवाद सगळ्यांना. पहिल्या फेरीत खासगी लागलं आणि दुसऱ्या फेरीत सरकारीची आशा असेल तर काय करायचं?

करवंदाची_जाळी

प्रवेश घ्या, पण स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरू नका. तो भरला की "हीच जागा कायम, पुढे जायचं नाही" असा अर्थ होतो आणि तुम्ही पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडता. न भरता प्रवेश घेतला तर पुढच्या फेरीत वरची पसंती लागू शकते. मात्र ती लागली की आधीची जागा त्याच क्षणी दुसऱ्याची होते, "नको, जुनीच बरी" म्हणता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या यादीत हातातल्या कॉलेजपेक्षा खरोखर चांगली वाटतील तीच नावं ठेवा. सावर्डे हातात आहे आणि यादीत सवयीने दूरचं, जास्त फीचं खासगी वर राहिलं, तर तेच पदरात पडेल.

शेवटच्या रिक्त फेरीत फार जपून. एमसीसीच्या त्या फेरीत जागा लागून हजर झालं नाही तर अनामत जाते आणि पुढच्या वर्षीच्या फेऱ्याही बंद होतात. घाईत काय करू नकात, असं आमच्याकडे म्हणतात ते इथे अगदी खरं.

लाल_माती

हजर होण्याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. फेऱ्या येतात त्या पावसात आणि गणपतीच्या तोंडावर. हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात, परतीच्या गाड्या गणपतीत महिनाभर आधीच भरलेल्या. घाटात दरड आली तर एसटीही अडकते. ओरोसहून नंदुरबारला शेवटच्या दिवशी पोचायचं धाडस करू नका. यादी संध्याकाळी लागली तर रात्रीच निघायची तयारी ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, तीन संच झेरॉक्स, पासपोर्ट फोटो डझनभर.

दीपमाळ

नवीन सरकारी कॉलेज आणि जुनं खासगी यात काय बघायचं? रत्नागिरी, ओरोसला प्राध्यापक पुरेसे नाहीत असं ऐकतो.

सुपारीची_बाग

ऐकीव गोष्टींपेक्षा रुग्णालय बघा. एमबीबीएस मुलगा रुग्णांकडून शिकतो. 100 जागांच्या कॉलेजला किमान 420 खाटांचं रुग्णालय लागतं, हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम. खाटा कागदावर किती आणि भरलेल्या किती, हे प्रत्यक्ष जाऊन कळतं. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराला बाह्यरुग्ण विभागात उभे राहा. केसपेपरच्या खिडकीवर रांग किती, मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात खाटा भरलेल्या आहेत का, प्रसूती विभाग चोवीस तास चालतो का, अपघाताचे रुग्ण इथे दाखल होतात की प्राथमिक उपचार करून कोल्हापूरला किंवा गोव्याला पाठवले जातात. शेवटचा प्रश्न कोकणात फार महत्त्वाचा. जिथून गंभीर रुग्ण पुढे पाठवला जातो, तिथला विद्यार्थी तो आजार पुस्तकातच वाचतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: शवविच्छेदनाच्या टेबलावर किती जण असतात, वसतिगृह आवारात आहे की भाड्याच्या इमारतीत, मुलींच्या वसतिगृहापासून रुग्णालयापर्यंत रात्री दिवे आहेत का.

तरीही माझं मत स्पष्ट आहे. जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं नवीन सरकारी कॉलेज आणि मोठी फी घेणारं खासगी यात, शुल्कमाफी मिळत नसेल तर सरकारीच. अध्यापकांच्या जागा पुढेमागे भरतील, घरावरचं कर्ज मात्र तसंच राहील. शुल्कमाफी मिळणाऱ्या मुलीसाठी मात्र सावर्डे किंवा पडवे जवळ असणं, रुग्णालय चालतं असणं हे मोठं वजन आहे. तिथे मी क्रम उलटा लावायलाही हरकत घेणार नाही.

खाडीपलीकडे

यावर माझं थोडं वेगळं मत. घराजवळ असणं याला पालक फार वजन देतात. पहिल्या वर्षाची परीक्षा पार करायला चारच संधी असतात, आणि दर शनिवारी घरी धावणारी मुलं तिथेच मागे पडतात. अंतर हा शेवटचा निकष ठेवा.

दीपमाळ

आणि काहीच लागलं नाही तर?

करवंदाची_जाळी

तीन वाटा आहेत, तिन्ही नीट तपासून घ्या.

एक, दुसरा अभ्यासक्रम. बीएएमएस, बीएचएमएस यांची पसंती वेगळ्या गटात भरायची असते, एमबीबीएसच्या यादीत ती येत नाही. नोंदणी करताना तो गट निवडायला विसरलात तर नंतर पळापळ होते. खेडला दंत महाविद्यालय आहे, सावंतवाडीला आयुर्वेद. मुलाला आवड असेल तर हा कमीपणाचा पर्याय नाही, पण "नंतर ॲलोपॅथीच करू" या विचाराने आयुर्वेद घेऊ नका.

दोन, पुन्हा परीक्षा. संधींना मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. पण ठरवण्याआधी उत्तरपत्रिका समोर घ्या. 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे. तिथे चांगले गुण आहेत आणि भौतिकशास्त्र बुडालंय, तर वर्षभरात रँक बरीच वर येऊ शकते. जीवशास्त्रातच चुकीची उत्तरं जास्त असतील, तर तो पाया पुन्हा घालायचा आहे, आणि त्याला मुलाची स्वतःची तयारी हवी. पालकांच्या हट्टावर ते वर्ष जात नाही. चुकीच्या प्रत्येक उत्तराला एक गुण जातो, म्हणून अंदाजाने किती प्रश्न ठोकले तेही मोजा.

तीन, परदेश. नीट पात्रता तिथेही लागते आणि तो गुण तीन वर्षं चालतो. 2021 च्या नियमानुसार अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, त्याच देशात 12 महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात व्यवसायाची परवानगी मिळेल अशी पदवी. यातलं एक जरी नसलं तर भारतात नोंदणी होत नाही. परत आल्यावर पात्रता परीक्षेत 300 पैकी 150 हवेत. एजंट फीचा आकडा सांगतो, ही चार कलमं सांगत नाही. त्याच्याकडून ती लेखी घ्या.

आणि "मॅनेजमेंटची सीट आहे, रोख द्या" म्हणून फोन येईल, तो घेऊ नका. देणगी घेणं महाराष्ट्रात 1987 पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रवेश फेऱ्यांच्या बाहेरून झालेला एमबीबीएस प्रवेश मान्य होत नाही. पैसेही जातात आणि वर्षही.

बकुळ

ओबीसीची वैधता आहे, नॉन क्रिमीलेअर जुनं आहे. उद्याच तहसीलला जाते. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला कुणाचाही चालतो का?

सुपारीची_बाग

नोंदणीकृत डॉक्टरांचा चालतो, पण मजकूर माहितीपुस्तिकेतल्या नमुन्याप्रमाणेच हवा. नमुना छापून न्या, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का स्पष्ट उमटलाय ना बघा. आणि फीचा डीडी कुणाच्या नावाने काढायचा ते कॉलेजच्या सूचनेत वाचूनच बँकेत जा. काही ठिकाणी तो अधिष्ठात्यांच्या नावाने असतो, काही ठिकाणी संस्थेच्या. तो चुकला तर नवा काढेपर्यंत हजर व्हायची मुदत संपलेली असते.